तलावाचं वळण

“एस्टी बंद पडलीया व्हय रं, बहिणीला फटफटीवर न्यायला?”

अक्काच्या सासूबाई ओसरीवर डाळ निवडत बसल्या होत्या. सुपातून मान वर न काढताच त्यांनी मला विचारलं.

“एस्टीनं अंधार पडंल, मावशी. गाडीवर दिवेलागणीच्या आत पोचतो बघा.”

“वाट म्हाईत हाय का?”

“तोंडात जीभ असली की माणूस काशीला पोचतो. हितनं आमच्या गावाला जायला काय झालं?”

दाजी पान लावत होते. ते हसले. “मुराळी लई जोरात हाय यंदा. नाना आले की निम्मा दिस नुसता घाम पुसण्यात जायचा.”

दिवाळीला लेकीला सासरहून माहेरी आणायला जो जातो तो मुराळी. आमच्या घरात हे काम नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. शालनअक्काच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तिन्ही दिवाळ्यांना तेच चिलारवाडीला आले होते. त्या साली त्यांचा गुडघा धरला, म्हणून तो मान माझ्याकडे आला. एकोणीस वर्षांच्या पोराला मान आणि मोटरसायकल एकाच दिवशी मिळाली की काय होतं ते वेगळं सांगायला नको. गाडी काकांची होती. ती मी सकाळी दोनदा पुसली होती आणि केस त्याहून जास्त वेळा विंचरले होते.

अक्का आतून आली ती पळतच. सासूबाई म्हणाल्या, “अगं, सुनंनं चालावं.” तशी ती दोन पावलं चालली आणि पुन्हा पळाली. शाळेत असताना पळण्यात ती पोरांनाही ऐकायची नाही. रानात गाय सुटली की नाना मला नाही, तिला हाक मारायचे.

सासूबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, हातात नारळ दिला आणि म्हणाल्या, “नेतोस तशी आणून घाल.”

“अशीच आणतो, मावशी. अजून थोडी जाड करून.”

सगळे हसले. अक्का पिशवी मांडीवर घेऊन एका बाजूला पाय सोडून मागं बसली, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि आम्ही निघालो.

येताना मी थोरल्या रस्त्यानं आलो होतो. जाताना फाट्यावरच्या टपरीत बिडी ओढत बसलेल्या एकानं सांगितलं, “तलावाकडनं जावा की. निम्मी वाट वाचती. पण वळणं हायेत, नवीन माणसानं जरा दमानं घ्यावं.” यातलं पहिलं मी ऐकलं आणि गाडी आतल्या रस्त्याला घातली. त्या रस्त्यानं मी जन्मात कधी गेलो नव्हतो.

रस्ता मात्र गुळगुळीत होता. नुकतंच डांबर पडलेलं, वर्दळ नाही, दोन्ही बाजूंना ज्वारी आणि मधून मधून बाभळी. मी गाडी सुसाट सोडली.

“आईनं अनारसं केलं का रं?” अक्कानं कानाशी येऊन विचारलं.

“पीठ भिजवून ठेवलंय. शालन आल्याबिगर जाळी पडत न्हाई म्हणती.”

“लबाड हाय ती. कामाला माणूस पायजे म्हणून म्हणती.”

“तुझ्यासाठी लुगडंबी घेतलंय. पण सांगू नको म्हणाली.”

“मग सांगितलंस कशाला, मेल्या?” तिनं माझ्या पाठीत गुद्दा घातला. हसू तिच्या आवाजात मावत नव्हतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, “जालू, हळू चालव.”

“भ्यालीस व्हय? सासरी येऊन पार मांजर झालीस की.”

“मांजर तर मांजर. हळू चालव.”

मी आणखी जोरात घेतली. एक वळण आलं, ते मी ब्रेक न मारता काढलं. दुसरंही काढलं. खांद्यावरचा तिचा हात घट्ट झाला होता आणि मला त्याची मौज वाटत होती. तलावाचा बांध दिसू लागला. बांधाच्या खालून रस्ता उजवीकडे वळत होता, आणि वळणाच्या अलीकडे रस्त्यात एक म्हातारा उभा होता. एका हातात धान्य ओढायचं दाताळं. दुसरा हात त्यानं वर केला. त्याच्या मागं रस्त्यावर हुलगे पसरले होते.

आमच्या दुष्काळी पट्ट्यात ही नेहमीची गोष्ट. हुलगे उपटले, वाळवले की लोक ते डांबरी रस्त्यावर आणून पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या वरून गेल्या की शेंगा फुटतात, मळणी आपोआप होते. मालक कडेला उभा राहून ड्रायव्हरला हात करतो, वरनं जाऊ द्या म्हणून. ड्रायव्हरही चाक मुद्दाम वरून घालतो. कुणाच्या घासाला आपलंही चाक लागलं, एवढंच.

म्हाताऱ्यानं हात केला. मी गाडी तशीच घातली.

हुलग्याचा दाणा गोल आणि गुळगुळीत असतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. ट्रकच्या चाकाखाली तो फुटतो. मोटरसायकल त्याच्यावर वळवायला गेलं की चाक राहतच नाही. पुढचं चाक गेलं, आभाळ फिरलं आणि मी कोपरावर घसरत ज्वारीच्या कडेला जाऊन पडलो. उठलो तर गाडी बांधाच्या दगडावर आदळलेली होती आणि गाडी आणि दगड यांच्यामध्ये अक्काचा पाय होता.

म्हातारा माझ्या आधी तिच्यापाशी पोचला. गाडी त्यानंच उचलली. मी नुसता उभा होतो. त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं, तिचा गुडघा बांधला, आणि माझ्याकडे बघून ओरडला, “आरं बघतोस काय? मान धर तिची, मान!”

मी मान धरली. अक्काचे डोळे मिटलेले होते.

मागून ऊसतोडीच्या माणसांची एक जीप आली. तिच्यात आम्ही तिला घातली. म्हाताराही चढला. त्याचे हुलगे तिथंच रस्त्यावर राहिले, वहाणाही राहिल्या. वाटभर तो अक्काचा पाय आपल्या मांडीवर हलू न देता धरून बसला होता आणि “बाई, जागी ऱ्हा, बाई, जागी ऱ्हा” एवढंच म्हणत होता.

तालुक्याच्या दवाखान्यात अक्काला आत नेलं. चिलारवाडीला निरोप गेला. दाजी आले, त्यांचे दोन चुलतभाऊ आले, मागून सासूबाई आल्या. म्हातारा भिंतीला टेकून अनवाणी बसला होता. धोतरावर अक्काचं रक्त होतं.

“कसं झालं?” दाजींनी मला विचारलं.

कपाळावर सासूबाईंनी लावलेलं कुंकू तसंच होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. नेतोस तशी आणून घाल, हे त्यांना पुन्हा म्हणायची गरजच नव्हती.

“रस्त्यात हुलगं टाकलं हुतं,” मी म्हणालो. “ह्यांनी हात केला. वरनं जा म्हणून.”

म्हाताऱ्यानं मान वर केली. तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे. काहीतरी आठवायला बघतोय, असं त्याचं तोंड झालं होतं.

“केला व्हता का हात?” दाजी त्याच्यावर ओरडले.

“केला,” म्हातारा म्हणाला. “हात केला मी. पर त्यो…”

पुढचं दाजींनी ऐकलं नाही. त्यांनी सगळ्यांच्या देखत त्याच्या थोबाडीत मारली. म्हातारा बसल्या जागी कलंडला. एक हात जमिनीला टेकून पुन्हा नीट बसला. माझ्या बापापेक्षा तो मोठा असेल. चुलतभाऊ म्हणाले, “पुन्हा रस्त्यावर धान्य टाकलंस तर बघ.” म्हातारा म्हणाला, “चुकलं माझं.” मग उठला आणि तसाच अनवाणी पायानं दवाखान्याच्या फाटकातून निघून गेला. मी कोपराला पट्टी बांधून उभा होतो. हात मोडला नव्हता, जीभ तुटली नव्हती. पण मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का शुद्धीवर आली. गुडघ्याचा चुरा झाला होता. पाय राहील, पण वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सासूबाई चहा आणायला गेल्या तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो.

“जालू,” तिनं हाक मारली. “म्हातारा थांब म्हणत हुता ना रं?”

“न्हाई,” मी म्हणालो. “जा म्हणत हुता.”

तिनं तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर तिनं हा विषय कधीच काढला नाही.

त्या दिवाळीला आईनं उंबऱ्याशी काढून ठेवलेला भाकरतुकडा तसाच वाळून गेला. लेक दारात आली की तो तिच्यावरून ओवाळून टाकायचा असतो. आई दोन दिवस तो उचलायला तयार नव्हती. पुढच्या दिवाळीला सासूबाईंनी निरोप धाडला, “सुनंला आता आम्ही पाठवणार न्हाई. भावाला वाटलं तर भावानं यावं ओवाळून घ्यायला.” नानांनी मान हलवली. त्यांना बोलायला तोंड मी ठेवलंच नव्हतं.

तेव्हापासून दर भाऊबीजेला मी चिलारवाडीला जायचो. अक्का दारात उभी असायची. डावा पाय काठीसारखा ताठ पुढं टाकत ती यायची, पाटावर बसता येत नाही म्हणून उभ्यानंच ओवाळायची. दाजी माझ्याशी चांगले वागायचे. उलट कुणी पाहुणा आला की सांगायचे, “ह्याची काय चूक? त्या म्हाताऱ्यानं लंगडं केलं आमच्या माणसाला.” असं ते म्हणाले की अक्का काहीतरी निमित्त काढून आत जायची, आणि मी पुढ्यातली करंजी उगाचच मोडत बसायचो. तोंडात घातलेली ती करंजी कधीही गोड लागली नाही.

गाडी मी हळू चालवायला शिकलो. कुठल्याही नव्या रस्त्याला लागलो की माझी गाडी आपोआप बैलगाडी होते. बायको हसते, म्हणते, तुमच्यामागं बसण्यापेक्षा चालत गेलेलं बरं. लोकांना वाटतं, पोरगा पडला आणि शहाणा झाला. पण पडण्यातून मी जे शिकलो ते एवढंच, ब्रेक कधी मारावा. जे शिकायला हवं होतं त्याच्या वाटेला मी गेलोच नव्हतो. त्या तलावाच्या वाटेलाही नाही. थोरल्या रस्त्यानंच यायचो आणि थोरल्या रस्त्यानंच परत जायचो.

असं एक तप गेलं. त्या साली थोरल्या रस्त्यावरच्या ओढ्याचा पूल खचला. भाऊबीजेला निघालो तर आमच्या बाजूच्या फाट्यावर दगड लावून वाट बंद केलेली, आणि बाण दाखवत होता तलावाकडे. परत फिरावं असं मनात आलं. पण अक्का निरांजन घेऊन थांबलेली असणार. मी गाडी आत घातली.

वळण लांबूनच ओळखू आलं. दिवाळी त्याही साली उशिरा, ऐन हुलग्याच्या सुगीत आली होती. रस्त्यावर हुलगे पसरले होते. आणि वळणाच्या बरंच अलीकडे, उन्हात, एक म्हातारा काठीला बांधलेलं लाल फडकं हलवत उभा होता.

मी गाडी थांबवली.

“हळू जावा,” तो जवळ येऊन म्हणाला. पाठीत पार वाकला होता, पण तोच होता. हेल्मेटमुळे मी त्याला कळलो नाही. “फुडं हुलगं हायेत. उतरून ढकलत न्या, न्हाईतर कडंच्या मातीवरनं घाला.”

“तुमचे हुलगे आहेत?” मी विचारलं.

“न्हाई. म्या सोडलं पेरायचं. लोकांचं हायेत. लोक ऐकत न्हाईत. रस्त्यावर टाकू नगा म्हणून सांगून दमलो. मग म्हणलं आपणच उभं ऱ्हावं.”

“रोज?”

“सुगी हाय तंवर. सून भाकरी आणून देती. म्हणती, म्हाताऱ्याला खूळ लागलंय.” तो जरासा हसला, मग गंभीर झाला. “हितं एक लेक पडली व्हती. सासरवाशीण. भावासंगं म्हायेरी चालली व्हती, दिवाळीला. माझ्यापायी पाय गेला तिचा.”

“तुमच्यापायी कसा?”

“आवो, म्या हात क्येला, थांब म्हणून. त्या पोराला वाटलं, वरनं ये म्हणतोय. आमच्यात तसाच हात करत्यात ना, गाड्यांला. त्येची काय चूक? माझा हातच चुकला. तवापासनं हे फडकं घेतलंय. लाल फडक्याचा अर्थ दुसरा कोण लावणार न्हाई.”

मी हेल्मेट काढलं. काढायलाच हवं होतं. तरीही म्हाताऱ्यानं ओळखलं नाही. बारा वर्षांत माझंही तोंड बदललं होतं.

“बाबा, तो पोरगा मी,” मी म्हणालो.

त्यानं डोळे बारीक करून बघितलं. आणि पहिली गोष्ट काय विचारली, तर, “बहीण कशी हाय रं?”

“बरी हाय. चालती. पाय वाकत न्हाई.”

“प्वारंबाळं?”

“एक मुलगी हाय.”

“बरं झालं. बरं झालं.” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “लई बघावंसं वाटतं तिला. पर कोणत्या तोंडानं जाऊ?”

मला त्या वेळी जे वाटलं ते सांगतो. वाटलं, गाडीला किक मारावी आणि निघून जावं. म्हाताऱ्याला बरं वाटलेलं दिसत होतं. मी बरा निघालो, बहीण बरी निघाली, एवढ्यावर तो समाधानी होता. न बोलताही दिवस ढकलता आला असता. बारा वर्षं मी तेच केलं होतं, मला त्याचा चांगला सराव होता.

“बाबा, तुमचा हात चुकला नव्हता,” मी म्हणालो. “तुम्ही थांब म्हणत होता. मला कळलं होतं.”

त्याला ऐकू गेलं नाही असं वाटलं, म्हणून मी परत बोललो. “जा म्हणून करतात तो हात मला ठाऊक आहे. आमच्याकडंही करतात. तुम्ही पंजा दाखवला होता. बहीणही मागनं हळू म्हणत होती. मी मस्तीत होतो. म्हणलं, म्हाताऱ्याच्या हुलग्यावरनं अशी गाडी काढू की बघत राहील. दवाखान्यात खोटं बोललो. तुम्हाला मार बसला तेव्हाही गप्प बसलो.”

म्हाताऱ्याचा हात गालाकडे गेला. तिथं जरा वेळ थांबला.

“लोकांच्या देखत मारलं त्यांनी,” तो हळू आवाजात म्हणाला. “माझा ल्योक उभा व्हता फाटकात. त्येनं बघितलं.” मग एकदम त्याचा आवाज चढला. “आरं, मग तवाच का बोलला न्हाईस? रातच्या रात मी हात वर करून बघितलाय. बायको म्हणायची, झोपा आता. अंधारात हात करायचो आन् बघायचो, ह्यो थांब दिसतो का ये दिसतो. ती गेली, तरी मला कळलं न्हाई. आन् तुला कळलं व्हतं?”

“मारा मला, बाबा.”

खरंच वाटत होतं, त्यानं मारावं. तेवढ्यावर भागलं असतं तर किती बरं झालं असतं. त्यानं हात उचललाही. मग माझ्याकडे बघून तो खाली घेतला आणि दुसऱ्या हातातली काठी माझ्या छातीला लावली.

“मारून काय करू? हे धर.”

“काय?”

“फडकं. धर. आता तू उभा ऱ्हा.”

मी काठी घेतली. म्हातारा वळला, रस्ता ओलांडून बाभळीखाली गेला, बुंध्याशी ठेवलेल्या कळशीतलं पाणी प्यायला आणि माझ्याकडे पाठ करून बसला. ऊन चांगलंच तापलं होतं. माझ्या अंगावर भाऊबीजेचा इस्त्रीचा शर्ट होता. पिशवीत अक्काची साडी होती. मी रस्त्याच्या मधोमध लाल फडकं घेऊन उभा राहिलो.

खिशातला फोन वाजला.

“कुठं हायेस रं?” अक्का विचारत होती. “वातबी लावून ठेवलीया.”

“तलावाच्या वळणावर हाय, अक्का.”

पलीकडं घरात कुणीतरी भांडी लावत होतं, तेवढं ऐकू आलं.

“म्हातारा हाय का तिथं?” तिनं विचारलं.

“हाय.”

“बोललास?”

“बोललो.”

तिनं एक लांब श्वास सोडला. बारा वर्षांचा असावा. “तुझ्या दाजींनाबी सांगावं लागंल, जालू.”

“सांगतो. आजच सांगतो.”

“मी सांगितलं असतं. पण तूच सांगावंस असं वाटत हुतं.” मग ती म्हणाली, “ये. दिवा विझला तर परत लावीन. सावकाश ये.”

फोन ठेवला आणि लांबून गाडीचा आवाज आला. एक जवान गडी, पुढं टाकीवर लहान पोर, मागं बायको. जोरात येत होता. मी फडकं वर केलं, दोन्ही हातांनी हलवलं. त्यानं ब्रेक मारला, माझ्या पुढ्यात येऊन थांबला. वैतागला होता.

“काय झालं वो?”

“फुडं हुलगं हायेत. उतरून न्या गाडी,” मी म्हणालो. “हितं माझी बहीण पडली हुती.”

त्यानं वळणाकडे बघितलं, रस्त्यावरच्या हुलग्यांकडे बघितलं. “हुलग्यावरनं घसरून पडली?”

बाभळीखाली म्हाताऱ्यानं मान वळवली होती.

“न्हाई,” मी म्हणालो. “मी पाडली.”